एनआयडब्ल्यूचं अप्रूव्हल निम्म्यावर आलंय, मग केस टाकायची की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या एक ताई दोन वर्षांपासून ओहायोतल्या एका विद्यापीठात जे-१ वर (एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा) पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन, करताहेत. वापरून झालेल्या बॅटऱ्यांमधून लिथियम आणि कोबाल्ट परत मिळवणं हा त्यांचा विषय. चौदा पेपर आहेत, चारशेच्या वर सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख) आहेत. त्यांच्याच लॅबमधल्या दोघांचं एनआयडब्ल्यू, म्हणजे नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (नोकरीची ऑफर नसतानाही ग्रीन कार्डासाठी स्वतः टाकता येणारी केस), २०२२ मध्ये काही त्रास न होता अप्रूव्ह झालं होतं. आता निम्म्याहून जास्त केसेस फेटाळतात असं त्यांच्या कानावर आलंय. त्या विचारतात, ही टक्केवारी सुधारेपर्यंत थांबू की लगेच टाकू? ईबी-१ए, म्हणजे आपल्या क्षेत्रात असामान्य कर्तृत्व असलेल्यांचा ग्रीन कार्डाचा गट, बघू का? आणि भारतीयांची रांग एवढी लांब असताना या खटाटोपाचा उपयोग तरी काय?

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं याच कामात आहे. संशोधक, डॉक्टर, इंजिनिअर यांच्या ग्रीन कार्डासाठीच्या आय-१४० पिटिशन्स तयार करणं हे माझं रोजचं काम. ताई, माझं मत आधीच सांगते. टक्केवारी वर यायची वाट बघू नका. पण तुमच्या लॅबमधल्या मित्राची २०२२ ची फाइल समोर ठेवून तशीच केस टाकणार असाल, तर ती टाकूही नका.

आधी आकडे. अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, हे लक्षात ठेवून वाचा. २०२२ मध्ये निकाल लागलेल्या दहा एनआयडब्ल्यू केसेसपैकी साधारण नऊ मंजूर व्हायच्या. २०२३ मध्ये हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास आलं. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत ते पन्नासच्याही खाली गेलं, आणि जुन्या जागी काही परतलेलं नाही. ईबी-१ए इतकं घसरलं नाही. तिथे २०२४ पर्यंत निकाल लागलेल्यांपैकी दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश केसेस मंजूर होत होत्या. ईबी-१बी, म्हणजे विद्यापीठ किंवा कंपनी नामवंत संशोधकासाठी टाकते ती केस, नव्वदीच्या आसपास टिकून आहे. त्याचं कारण साधं आहे: तिथे केस टाकण्याआधी नोकरी देणाऱ्याने आणि त्याच्या वकिलाने माणूस एकदा चाळून घेतलेला असतो.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्या. यूएससीआयएसचे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचे) काही तक्ते निकाल कधी लागला त्यावर असतात, काही केस कधी दाखल झाली त्यावर. दुसऱ्या प्रकारात, निकाल न लागलेल्या केसेस हिशेबाबाहेर ठेवून टक्केवारी काढली की पैसे भरून लवकर निकाल घेतलेल्या प्रीमियमच्या केसेसचंच चित्र जास्त दिसतं. शिवाय त्या एका टक्केवारीत तुमच्यासारखी पीएच.डी. झालेली बाई असते, सॉफ्टवेअरवाला असतो, दंतवैद्य असतो, पायलट असतो आणि मार्केटिंग मॅनेजरही असतो. सगळ्यांना एका कढईत टाकून निघालेला आकडा तुमच्या केसची शक्यता सांगत नाही. माझ्याकडे घाबरून येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला हे मी तळमळीने सांगते, कारण या आकड्याच्या धास्तीने चांगली माणसं दोन-दोन वर्षं नुसती बसून राहिलेली मी पाहिली आहेत.

मग घसरण झाली कशाने? कायदा बदललेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने विज्ञान-तंत्रज्ञानातल्या लोकांसाठी एनआयडब्ल्यू कसं तपासायचं याचं मार्गदर्शन काढलं आणि ते चांगलं अनुकूल होतं. त्याच वर्षाच्या शेवटी टेक कंपन्यांत नोकरकपात सुरू झाली. एच-१बी वर असलेल्याला नोकरी गेली की पुढची सोय लावायला साठ दिवस मिळतात. तेव्हा कंपनीवाचून स्वतःच टाकता येणारी केस म्हणून एनआयडब्ल्यूकडे झुंबड उडाली. जानेवारी २०२३ अखेर सगळ्यांसाठी प्रीमियम उघडलं. वर्षभरात अर्ज जवळजवळ दुपटीला गेले. आणि त्यात 'नव्व्याण्णव टक्के खात्री' म्हणत एकाच साच्यातून काढलेल्या फाइल्स ढिगाने आल्या. अधिकारी तेच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचतोय, फक्त नाव बदललेलं. तो कडक झाला याचं मला नवल वाटत नाही. १५ जानेवारी २०२५ ला नियमावलीत जी भर पडली ती याच रोखाने आहे: तुमची पदवी आणि तुमचा व्यवसाय तुम्ही पुढे जे काम करणार म्हणता त्याच्याशी जुळला पाहिजे, आणि शिफारसपत्रांतल्या दाव्यांना कागदाचा आधार पाहिजे.

आता मुद्द्याकडे येते. एनआयडब्ल्यूचा सगळा डोलारा डिसेंबर २०१६ च्या 'मॅटर ऑफ धनासर' या निर्णयावर उभा आहे. त्याआधी १९९८ च्या न्यूयॉर्क राज्य परिवहन खात्याच्या प्रकरणातली कसोटी चालायची, ती धनासरने बदलली. तीन प्रश्न असतात. तुमचं नियोजित काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का? ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का? आणि नोकरीची ऑफर व लेबर सर्टिफिकेशन (त्या जागेला अमेरिकन माणूस मिळत नाही असा कामगार खात्याचा दाखला) माफ करणं एकूणात अमेरिकेच्या हिताचं आहे का? हे तीन प्रश्न सगळ्यांना पाठ असतात. पण धनासर हा निर्णय स्वतः वाचणारे फार थोडे. तो अर्जदार एअरोस्पेस इंजिनिअर होता. आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या यानांच्या प्रोपल्शनवर संशोधन करायचा आणि विद्यापीठात शिकवायचाही. त्याची केस आधी फेटाळली गेली होती, अपिलात मंजूर झाली. अपिलाच्या निर्णयात त्याच्या संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व मिळालं, शिकवण्याला मिळालं नाही. शिकवणं चांगलंच, पण त्याच्या वर्गापलीकडे त्या क्षेत्रावर त्याचा परिणाम होईल हे कागदांतून दिसत नव्हतं. माणूस एकच, फाइल एकच, आणि त्यातली एक गोष्ट पास झाली तर दुसरी नापास. आज फेटाळल्या जाणाऱ्या बहुतेक केसेस याच ठिकाणी, पहिल्या प्रश्नावर, अडकतात.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. २०२३ मध्ये मी सांगलीकडच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरची केस टाकली. अमेरिकेतले पूल किती जुने झालेत, त्यांच्या दुरुस्तीवर सरकार किती खर्च करतंय, हे मी पानंच्या पानं लिहिलं. माणूस हुशार, अनुभव दांडगा. केस फेटाळली गेली. आलेल्या पत्राचा आशय असा होता: पूल महत्त्वाचे आहेत हे मान्य, पण या माणसाच्या कामाचा लाभ त्याच्या कंपनीला आणि तिच्या ग्राहकांना होईल, त्यापलीकडे काय? मी ते पत्र तीनदा वाचलं. अधिकाऱ्याचं बरोबर होतं. मी पुलांची केस मांडली होती, माणसाची मांडलीच नव्हती. खरं तर त्याने वेल्डच्या भेगा तपासायची एक पद्धत बसवली होती आणि दोन राज्यांतले इंजिनिअर ती वापरत होते. ते माझ्या फाइलमध्ये अकराव्या पुराव्यात एका ओळीत होतं. पुढच्या वर्षी तीच ओळ पहिल्या पानावर आणून, त्या इंजिनिअरांची पत्रं जोडून, नवी केस टाकली. ती मंजूर झाली. मधलं वर्ष मात्र त्या कुटुंबाने माझ्यामुळे गमावलं.

तर ताई, तुमच्या प्रश्नासोबत तुम्ही जो मसुदा पाठवलाय त्यात वाक्य आहे: 'मी शाश्वत ऊर्जेसाठी मटेरियल सायन्समध्ये संशोधन करत राहीन.' हे वाक्य काढून टाका. असं हजारो लोक म्हणतात आणि त्यातून अधिकाऱ्याला काहीच तपासता येत नाही. त्याऐवजी असं काहीतरी यायला हवं: 'वापरलेल्या बॅटऱ्यांच्या चुऱ्यातून तीव्र आम्लाचा वापर कमी करून लिथियम आणि कोबाल्ट वेगळं काढण्याची जी पद्धत मी विकसित केली, ती प्रयोगशाळेतल्या काही ग्रॅमवरून पायलट प्रमाणावर नेणं, आणि वेगवेगळ्या रसायनांच्या मिश्र बॅटऱ्यांवर ती चालते का हे तपासून निष्कर्ष खुले करणं.' यात पद्धत आहे, टप्पा आहे, पुढचं पाऊल आहे. लिथियम आणि कोबाल्ट दोन्ही अमेरिकेच्या क्रिटिकल मिनरल्सच्या सरकारी यादीत आहेत, हा आधार एका परिच्छेदात पुरे. बाकी पानं तुमची हवीत: त्या पद्धतीचं पेटंट किंवा अर्ज आहे का, दुसऱ्या कुठल्या गटाने ती आपल्या प्रयोगात वापरली का, ग्रँटच्या कागदावर तुमचं नाव कशासाठी आहे.

सायटेशन्सबद्दल सगळे एकच विचारतात, किती हव्यात? कायद्यात असा आकडाच नाही. चारशे हा आकडा गणितात खूप मोठा आहे आणि बॅटरीच्या क्षेत्रात बरा. म्हणून नुसती बेरीज देऊ नका. तुमचे कुठले पेपर त्या वर्षीच्या, त्या क्षेत्रातल्या वरच्या टक्क्यांत येतात ते सायटेशन्सची आकडेवारी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या तक्त्यांवरून दाखवा. आणि त्याहून महत्त्वाचं, ते चारशे पेपर उघडून बसा. एक रविवार घाला. बहुतेक ठिकाणी तुमचा उल्लेख 'यावर काम झालेलं आहे' अशा गठ्ठ्यात असेल. पण सात-आठ ठिकाणी कुणीतरी म्हटलेलं सापडेल की आम्ही यांची पद्धत घेतली, यांच्या तापमानावर प्रयोग केला. ते परिच्छेद पिवळ्या रंगाने खुणा करून जोडा. माझ्या अनुभवात फाइलमधली हीच पानं सगळ्यात जास्त कामाला येतात आणि लोक तीच आळसाने टाळतात.

शिफारसपत्रांचंही तसंच. तुमच्या गाइडने तुमचं कौतुक करावं हे अपेक्षितच आहे. ज्यांच्याबरोबर तुम्ही कधी काम केलेलं नाही अशा दोघातिघांनी, तुमचा पेपर वाचून आपण काय केलं, हे स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं हवं. स्वतःच्या शब्दांत हे मी मुद्दाम म्हणते. पाच प्रोफेसरांच्या पाच पत्रांत तोच शब्दप्रयोग आणि तीच चुकलेली स्वल्पविरामाची जागा असली की अधिकारी पाचही पत्रं बाजूला ठेवतो. त्यांना मसुदा पाठवण्यापेक्षा चार मुद्दे पाठवा आणि लिहिण्याची विनंती करा.

ईबी-१ए बद्दल. दहा निकषांपैकी निदान तीन भागवायचे, हा पहिला टप्पा. पण तिथे काम संपत नाही. २०१० च्या 'कझारियन' खटल्याच्या आधारे यूएससीआयएस दुसरा टप्पा घेतं: सगळा पुरावा एकत्र बघून हा माणूस आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावरच्या थोड्या लोकांत आहे का, हे ठरवतं. तुम्ही रिव्ह्यूअर म्हणून काम केलंय, पेपर आहेत, मूळ योगदान दाखवता येईल. तीन निकष कागदावर जमतील. दुसऱ्या टप्प्यात मात्र आज तुमची केस अडेल असं मला वाटतं. दोन वर्षांनी, पायलट प्लांट उभा राहिला आणि पेटंट कुणी लायसन्स केलं तर चित्र वेगळं असेल. म्हणून आत्ता एनआयडब्ल्यू, पुढे ईबी-१ए. दोन्ही एकाच वेळी टाकायला कायद्याची आडकाठी नाही, पण कच्ची केस टाकून नकार पदरात घेण्यात मला अर्थ दिसत नाही. तुमच्या विद्यापीठाने कायम स्वरूपाची संशोधकाची जागा दिली तर ईबी-१बी साठी आधी त्यांना विचारा. पोस्टडॉकची मुदतीची जागा त्याला सहसा चालत नाही.

इथे एक पोटतिडकीची गोष्ट. ईबी-१ए चे निकष 'भरून देतो' म्हणणारे सध्या फार झालेत. पैसे भरून पुरस्कार, पैसे भरून सदस्यत्व, पैसे भरून छापून आणलेली मुलाखत, दुसऱ्याने लिहिलेल्या पेपरवर नाव. कृपा करून यात पडू नका. केस फेटाळली गेली तर पुन्हा टाकता येते. पण खोटी माहिती देऊन लाभ मिळवायचा प्रयत्न केला असा ठपका बसला, तर तो ग्रीन कार्डच्या वाटेत आयुष्यभर आडवा येतो आणि त्यातून सूट मिळणं फार अवघड असतं. सोलापूर-नाशिककडून कर्ज काढून शिकायला आलेली मुलं या दलालांना हजारो डॉलर देताना पाहिली की जीव तुटतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, उपयोग काय? रांग खरीच भयंकर आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला मूळ १,४०,००० आणि त्यात कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्के. नोव्हेंबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठपर्यंत आली हे सांगणारं सरकारचं मासिक पत्रक) भारताची ईबी-२ ची, म्हणजे एनआयडब्ल्यू ज्या गटात येतं त्याची, तारीख १ एप्रिल २०१३ होती आणि ईबी-१ ची १५ फेब्रुवारी २०२२; त्याआधीची तारीख असलेल्यांचाच नंबर लागत होता. म्हणजे एनआयडब्ल्यू मंजूर झालं तरी ईबी-२ मधून ग्रीन कार्ड लवकर हातात येणार नाही.

तरीही टाका. केस ज्या दिवशी दाखल होते तीच तुमची प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख. मंजुरीला कितीही वेळ लागो, तारीख दाखल झाल्याची धरतात, आणि मंजूर झालेली तारीख पुढे ईबी-१ए च्या केसलाही लावता येते. आज मिळालेली तारीख तीन वर्षांनी ईबी-१ च्या रांगेत तुम्हाला तीन वर्षं पुढे उभी करेल. पण फेटाळलेल्या केसची तारीख मिळत नाही, म्हणून घाईचा काही फायदा नाही. मंजूर आय-१४० हाताशी असली की एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवता येतो आणि एच-४ वरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळू शकतो. ही तारीख तुमची स्वतःची असते. नोकरी बदलली तरी जात नाही.

दोन खबरदाऱ्या मात्र तुमच्या बाबतीत फार महत्त्वाच्या. तुम्ही जे-१ वर आहात. 'दोन वर्षं मायदेशी राहण्याची' अट तुम्हाला लागू आहे का ते डीएस-२०१९ (जे-१ चा पात्रतेचा कागद) आणि व्हिसावर बघा. डिसेंबर २०२४ मध्ये स्किल्स लिस्टमधून (शिकून परत यावं असं ज्या देशांना वाटतं त्यांची आणि त्या कौशल्यांची यादी) भारताचं नाव निघालं, तेव्हा त्या यादीमुळे अडकलेले अनेक जण मोकळे झाले. पण सरकारी पैशावर आला असाल तर अट अजून आहे, आणि एनआयडब्ल्यूने ती माफ होत नाही. नावात 'वेव्हर' असल्यामुळे बरेच जण इथे फसतात. दुसरं, जे-१ साठी परत जायचा इरादा दाखवावा लागतो. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात विचारतात की तुमच्या नावाने कधी इमिग्रंट पिटिशन दाखल झाली आहे का. स्वतः टाकलेली असली तरी उत्तर 'हो' असतं. त्यामुळे घरचं लग्न वगैरे असेल आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत जाऊन व्हिसाचा नवा स्टॅम्प घ्यायचा असेल, तर तो प्रवास उरकून मग केस टाका, किंवा एच-१बी झाल्यावर टाका. एच-१बी ला ही अडचण नाही.

प्रीमियमचे जवळजवळ तीन हजार डॉलर आत्ता भरू नका. एनआयडब्ल्यूला त्यात ४५ कामाचे दिवस लागतात आणि तुम्हाला लगेच कशासाठी मंजुरी हवी असं दिसत नाही. साध्या वाटेने टाका, गरज पडली तर प्रीमियम नंतर जोडता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा, पात्रता दाखल केल्याच्या दिवशी तपासतात. नंतर आलेला पेपर आरएफईच्या (जादा पुरावा मागणाऱ्या पत्राच्या) उत्तरात जोडलात तर तो धरतीलच असं नाही. मसुदा आणि ती पिवळ्या खुणांची पानं तयार व्हायला मन लावून बसलात तर दोन-तीन महिने पुरतील.

आणि एक राहिलं. तुमच्या मिस्टरांचा जन्म कुठला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रांग नागरिकत्वावर नसते, जन्माच्या देशावर असते, आणि जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग तुम्हालाही घेता येते. वडील आखातात नोकरीला असताना मस्कतला किंवा दुबईला जन्मलेली आपली कितीतरी मुलं आहेत. तसं असेल तर ईबी-२ ची तुमची तारीख त्याच नोव्हेंबरच्या बुलेटिनमध्ये २०१३ ऐवजी डिसेंबर २०२३ अशी वाचली जाईल. त्यांच्या जन्मदाखल्यावर कुठलं गाव आहे ते बघून मला कळवा.